डोंगरीच्या सशाचं सीरम

भाईंदर (पूर्व)
१४ ऑगस्ट १९९४

चंदन,

वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. आशीर्वाद वगैरे आई लिहायची. ती गेल्यापासून आपल्या घरी ते काम कुणाकडे नाही.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. ‘सीरम संपत आलंय. आणखी पाठवशील का? माझं ठीक. इथे सध्या उकडतंय.’ अरे, उकाड्याची बातमी मला अमेरिकेहून कशाला हवी? इथे आमच्याकडे टँकर दोन दिवस आला नाही आणि तिसऱ्या दिवशी आला तो मी कामावर असताना. पण ते तुला कशाला सांगू? तू विचारलेलं नाहीस.

सीरम पाठवतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी शिकागोला निघालीय, ती तिथून पोस्टात टाकेल. नेहमीसारखी वाळवून पूड केलीय, त्यामुळे बर्फाची भानगड नाही. पाणी घालशील तेव्हा बाटली खदाखदा हलवू नकोस, हळू फिरव. विरघळल्यावर छोटे वाटे करून गोठव. सारखी काढ-घाल केलीस की अँटिबॉडी कामातून जाते. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. चौथीपर्यंत तुला डावी चप्पल कुठली नि उजवी कुठली हेही मीच सांगायचे.

कंपनीत आता शेठही विचारायला लागलेत, मनोरमा, तुमच्या भावाची पीएचडी होणार कधी? कंपनी म्हणजे अजून तेच, इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे आणि एक जनरेटर. दवाखान्यांना लागणारी सीरम आम्ही बनवतो, त्यात एका कोपऱ्यात तुझं. मी त्यांना सांगितलं, लवकरच. खरं तर मलाही माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच, की तीन वर्षांपूर्वी तुझं एक खोकं आलं. आत यीस्टमधून काढलेल्या एन्झाइमची एवढीशी कुपी आणि चिठ्ठी. ‘ताई, याच्यावर सशात अँटिबॉडी करून देशील का? इथे रांग मोठी आहे.’ आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तू आला नव्हतास. व्हिसाचं कारण कळवलं होतंस, एकदा बाहेर पडलो तर परत घेणार नाहीत म्हणून. असेल. अग्नी मी दिला. मला वाटलं, खोक्यात निदान दोन शब्द तिच्याबद्दल असतील. कुपीभोवतीचा स्पंजसुद्धा मी उलगडून बघितला. नव्हते.

तरी मी सशाला टोचलं. का, ते मला विचारू नकोस.

इथल्या डोंगरी गावात मोझेस आणि डॉरिस यांच्या वाडीत आमचे ससे असतात, हे तुला मागे लिहिलं होतं. गाळ्यात जागा नाही म्हणून शेठनी ती सोय केलीय. महिन्यातून एकदा मी बसने जाते, कानाच्या शिरेतून रक्त काढते, थर्मासमध्ये घालून आणते आणि गाळ्यात त्यातून सीरम वेगळं करते. सशांना नाव ठेवायचं नाही असा माझा नियम आहे, पण डॉरिसला नियम कोण सांगणार? तुझ्या सशाला ती पाटील म्हणते, कारण तो बसतो ऐसपैस. त्याचं रक्त अमेरिकेला जातं हे कळल्यावर तिने विचारलं, कशाला? मी तिला सांगितलं, पेशीत प्रथिनं तयार होतात ती लांबलचक दोरीसारखी, आणि त्यांची नीट घडी पडल्याशिवाय ती काही कामाची नसतात. तर एक एन्झाइम ती घडी घालून देतो. तो पेशीत नेमका बसतो कुठे, हे माझा भाऊ शोधतोय. पाटलाच्या रक्तात असं काही तयार झालंय, की ते जाऊन बरोबर त्या घडी घालणाऱ्याचाच हात धरतं. डॉरिस म्हणाली, “म्हणजे इस्त्रीवाल्याला शोधतंय.” मी म्हटलं, हो, तसंच. मग ती मोझेसला म्हणाली, आपला पाटील आमरिकेला पोचला न् आपण अजून बोरिवली न्हाय बघितली.

पाटील बरा आहे.

मनोरमा

•

भाईंदर (पूर्व)
६ नोव्हेंबर १९९४

चंदन,

बाटली पोचली म्हणतोस, छान. ‘काम चालू आहे, आणखी लागेल’ म्हणतोस, तेही छान. एवढं सीरम करतोस तरी काय रे? एक थेंब हजारपट पातळ करून वापरायचा असतो. चहात घालून पितोस की काय?

इकडे सुरतच्या प्लेगने सगळ्यांची झोप उडवली होती. उंदीर सोड, डोंगरीच्या बसमध्ये मी सशांचा रिकामा पिंजरा घेऊन चढले तर अर्धी बस माझ्यापासून सरकून बसली. कंडक्टर हिंदीत म्हणाला, बाई, पुढच्या गाडीने या. मी म्हटलं, पुढची गाडी तासाने आहे, आणि हा पिंजरा तुमच्या बसपेक्षा स्वच्छ आहे. मग त्याने तिकीट फाडलं.

आणखी एक बाटली पाठवतेय. ही लहान आहे. मोठ्या बाटल्या सध्या मिळत नाहीयेत.

दोन वर्षांपूर्वी तू एकदाच मोठं पत्र लिहिलं होतंस. माझ्या सीरमने यीस्टच्या पेशी तू रंगवल्या होत्यास, तेव्हा तो एन्झाइम आत, जिथे असायला हवा तिथे दिसलाच, पण पेशीच्या भिंतीपाशीही सगळीकडून चकाकत होता. भिंतीपाशी तो असतो असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, असं तू लिहिलं होतंस. अक्षर इतकं घाईचं होतं की मला समोर तुझा चेहरा दिसला. ते पत्र मी आईच्या फोटोसमोर वाचलं होतं, मोठ्याने. तिला त्यातलं काय कळलं असतं, पण ती म्हणाली असती, एवढं लिहिलंय म्हणजे पोटभर जेवत असणार. त्यानंतर त्या भिंतीचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. प्रबंधात ते मोठं प्रकरण असणार असं मी धरून चाललेय. वसंतात कुठेतरी जाऊन तू भाषण देणार, हे मात्र तुझ्या मागच्या पत्राच्या शेवटी कोपऱ्यात होतं.

काल भाऊबीज झाली. मी चंद्राला ओवाळलं. कोर इतकी बारीक होती की शोधावी लागली, पण आला बिचारा, ठरल्या दिवशी आला.

बघ, हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलंय तर राहू दे. आपल्या दोघांत आता या सीरमखेरीज काही उरलेलं नाही, हे मला कळतं. तुला ते लागतं म्हणून तू चार ओळी लिहितोस, आणि तुला ते लागतं म्हणून मीही लिहिते. तेवढं तरी चालू आहे. ते बंद पडू नये असं मला वाटतं. यापेक्षा जास्त मी या विषयावर बोलणार नाही.

मनोरमा

•

भाईंदर (पूर्व)
२२ जानेवारी १९९५

चंदन,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस आणि नीट वाच. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे, आणि घरी तेवढंच आहे.

तू पाठवलेला शुद्ध एन्झाइम इथे संपला. दर खेपेला मी त्याचाच एक थेंब कागदावर टाकायचे, वर सीरम लावायचे, आणि डाग गडद उमटला की बाटली भरायचे. यावेळी एन्झाइम नाही, म्हणून नाक्यावरच्या बेकरीतून यीस्ट आणलं, वाटलं आणि त्याचे थेंब टाकले. तुझं सीरम लावलं, डाग आला. यायलाच हवा, एन्झाइम यीस्टमध्ये असतोच. शेजारी नुसतं तुलनेसाठी आमच्या कंपनीच्या एका सशाचं सीरम लावलं. त्या सशाला माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन टोचलेलं आहे. यीस्टशी त्याचं देणंघेणं नाही. तिथे कागद कोरा राहायला हवा होता.

तिथेही डाग आला. तुझ्याइतकाच काळा.

मला आधी वाटलं, माझ्याच हातून सांडलवंड झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग दोन्ही सशांचं टोचण्याआधी काढलेलं रक्त फ्रीजरमधून काढलं. ते मी नेहमी काढून ठेवते. कितीही घाई असली तरी, पहिल्या सुईच्या आधी थोडं रक्त बाजूला, हे मी कधी चुकवलेलं नाही. तेच सीरम मी तुला पहिल्या खेपेला तुलनेसाठी पाठवलं होतं. त्या दोन्हींचा कागद स्वच्छ, कोरा. म्हणजे ससे आले तेव्हा निर्मळ होते आणि सुई सुरू झाल्यावर त्यांच्या अंगात यीस्टविरुद्ध काहीतरी तयार झालं. एन्झाइम ज्याला टोचलाच नाही, त्याच्यातसुद्धा. माझं डोकं चालेना. सुईतून तर गेलं नाही. मग गेलं कुठून?

शुक्रवारी डोंगरीला गेले. मोझेस वाडीत होता, डॉरिस पिंजऱ्यांपाशी. मी सरळच विचारलं, यांना खायला काय काय घालतेस? पाला, गाजर, आम्ही देतो तो चारा, सगळं सांगून झालं. मी म्हटलं, आणखी? तिने पिंजऱ्याची कडी लावली. मग म्हणाली, “सुई मारली का दोन दिस तोंड न्हाय लावत गो कशाला. मंग मी ताडीचा गाळ कोंड्यात कालवून घालते. ते लगेच खातंय.”

मोझेसचे वाडीच्या कडेला ताड आहेत, ताडी घरचीच. मडक्याच्या तळाला जो पांढरा गाळ बसतो तो टाकायचा कशाला, म्हणून आधी कोंबड्यांना, आणि सुई खाऊन मलूल झालेल्या सशांना. तो गाळ म्हणजे दुसरं काय असतं, चंदन? ताडी ज्याने फसफसते ते यीस्टच. सुईच्या औषधाने आधीच अंग पेटलेलं, वर पोटात दर खेपेला ते. तिथूनच शिरलं असणार. दुसरं काही मला सुचत नाही.

मी तिथेच पायरीवर बसले. रागवायचं तर कुणावर? आम्ही त्यांना काय घालायचं ते सांगितलं होतं, काय घालायचं नाही ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सशाने खाल्लं नाही म्हणून ज्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही तिच्यावर काय तोंड सोडायचं? ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तुझ्या भावाचं काम बिघडलं काय माझ्यापायी?”

मी नाही म्हटलं. तिने मला येताना वांगी दिली.

तर आता ऐक. पाटलाच्या सीरममध्ये दोन जातीच्या अँटिबॉडी आहेत. एक तुझ्या एन्झाइमला धरते, ती खरी आहे, तिच्यात खोट नाही. दुसरी यीस्टच्या भिंतीला धरते. पेशीच्या आत तू जे बघितलंस ते बरोबर. भिंतीपाशी जे चकाकताना दिसलं, तो तुझा घडी घालणारा नव्हे. ती डोंगरीची ताडी आहे.

उपाय आहे. यीस्ट घे, न फोडता, अख्ख्या पेशी. त्या सीरममध्ये तासभर ढवळ. भिंतीला धरणाऱ्या अँटिबॉडी त्यांना चिकटतील. पेशी खाली बसव, वरचं पाणी काढून घे, पुन्हा तेच कर. मग जे उरेल ते फक्त तुझ्या एन्झाइमचं. त्याने पेशी पुन्हा रंगव. भिंत विझली, तर ते प्रकरण प्रबंधातून काढ. भाषणातून तर काढच. उद्या भर सभेत कुणी उठून विचारलं तर तुझी काय शोभा होईल?

हे कळल्यावर पत्र लगेच लिहिलं नाही. दोन दिवस गेले. तुझी तीन वर्षं मातीत गेली हे कोणत्या तोंडाने कळवू, हे एक कारण. दुसरं तुला सांगते, कारण पोटात ठेवून मला त्रास होतोय. हे कळल्यावर तू माझं सीरम मागायचा थांबशील. तिकडे आता दुकानात विकत मिळतं, स्वच्छ, तपासलेलं, वर छापील कागद. मग मला कोण लिहिणार? एवढा स्वार्थी विचार मी दोन दिवस केला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि लिहायला बसले.

पोचल्याबरोबर कळव. तुझ्या चार ओळी पुरेत.

ताई

•

भाईंदर (पूर्व)
१९ फेब्रुवारी १९९५

चंदन,

फोन मी आपटला नाही. शेजारच्या हसुमतीबेनना विचार. सावकाश ठेवला, फक्त तू बोलत असताना ठेवला. त्यांनी गॅलरीतून “मनोरमाबेन, अमेरिका! जल्दी!” अशी हाक मारली तेव्हा माझे हात कणकेत होते. तसेच घेऊन पळाले. त्यांच्या घरात त्यांची दोन मुलं, सून, पाहुणे, सगळे टीव्ही बंद करून माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. अशा ठिकाणी माणूस काय बोलणार?

आणि तू तरी काय बोललास! मी एवढी घाबरत घाबरत विचारलं, पत्र मिळालं ना, भिंतीचं प्रकरण काढलंस ना, तर तू म्हणालास, “ताई, ते मला दीड वर्षापासून माहीत आहे.”

दीड वर्षं. तुझ्याच प्रयोगशाळेतल्या कुठल्या मुलीला तिकडच्याच एका सशाच्या रक्ताने, त्याच्याही चाऱ्यात यीस्ट असणार, तसाच भिंतीचा डाग दिसला, मग तूही माझं सीरम यीस्टमध्ये ढवळून बघितलंस, भिंत विझली आणि तू ते प्रकरण लिहिण्याआधीच सोडून दिलंस. आतलं काम मागच्याच वर्षी विकतच्या अँटिबॉडीने पुन्हा करून घेतलंस. प्रबंध सुरक्षित आहे. माझं सीरम तू हातही न लावता फ्रीजरमध्ये रांगेने ठेवत होतास, आणि इकडे मला ‘आणखी लागेल’ म्हणून लिहीत होतास. मी इथे रात्रीची जेवले नाही, तुझी शोभा होईल म्हणून. गाढवा.

मग मागवत कशाला होतास, असं मी विचारलं. किती वेळ तू काही बोललाच नाहीस. मग म्हणालास, “नाहीतर तू लिहिलं असतंस का?”

हसुमतीबेनची सून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला मराठी फारसं येत नाही. आणि मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तू विचारलंस, बाटल्या लहान लहान का होत गेल्या. तेव्हा मी फोन ठेवला. ते उत्तर कणकेच्या हातांनी, परक्या घरात, पाहुण्यांसमोर मला देता आलं नसतं.

पाटील गेल्या वर्षी मेमध्ये गेला. वय झालं होतं. डॉरिसने वाडीत पुरला, मोझेसने वर दगड ठेवला. ऑगस्टात मी ‘पाटील बरा आहे’ लिहिलं ते खोटं. मोठ्या बाटल्या मिळत नाहीत म्हटलं, तेही खोटं. जे सीरम उरलं होतं ते मी पुरवून पुरवून पाठवत होते. तू मागायचास, मी त्यातलं थोडं काढायचे, बाकीचं मागे ठेवायचे, म्हणजे आणखी एक पत्र येईल. डोंगरीला दर महिन्याला गेले की त्याच्या रिकाम्या पिंजऱ्याशी पाच मिनिटं उभी राहायचे. डॉरिसला कळत असणार.

म्हणजे तू नको असलेलं मागत होतास आणि मी नसलेलं पाठवत होते. शेठना हे सांगितलं तर ते दोघांनाही कामावरून काढतील.

मला तुझा राग गेलेला नाही. तो गेला असं समजू नकोस. आईच्या वेळी तू आला नाहीस हे मी विसरलेले नाही. पण फोनवर तू गप्प झालास तेव्हा तुझा श्वास ऐकू येत होता. तो लहानपणी रडू आवरताना यायचा तसाच होता. आणि माझ्या मनात आलं, ही तीन वर्षं मी समजत होते की आई फक्त माझी गेली.

आता सीरम संपलं, खरोखर संपलं. तुला मागायला काही राहिलं नाही आणि मला पाठवायला. म्हणून मीच मागते. त्या दिवशी आई गेल्याची तार तुझ्या हातात पडली तेव्हा तू कुठे होतास? कुणी होतं का जवळ? रात्री काय केलंस? मी तेव्हा विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. ते लिही. सगळं लिही, चंदन. मला ते आईच्या फोटोसमोर वाचायचं नाही. मला ते एकटीने वाचायचंय.

ताई